काडीची किंमत

द्राक्षबागायतदार काडीला जिवापाड जपतो, पण ती वेलीवर असेतोवरच. ऑक्टोबर छाटणीआधी दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी निवडक काड्या कापून प्रयोगशाळेत देतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे उघडून कितव्या डोळ्यात घड दडला आहे ते बघितलं जातं आणि त्या हिशेबाने कात्री चालते. एकदा कात्री चालली की खाली पडलेल्या काडीला काडीचीही किंमत उरत नाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी ती ओळींतून ओढून बांधावर टाकते. आठ-दहा दिवसांत ती वाळते आणि एका संध्याकाळी कोणीतरी काडीला काडी लावतं. एप्रिलच्या खरड छाटणीलाही हेच. अलीकडे काही जण श्रेडर फिरवून काडीचा भुगा बागेतच गाडतात, तरी छाटणीच्या दिवसांत बांधाबांधावरून वर जाणारा धूर अजून सरलेला नाही.

याच नाशिक जिल्ह्यात सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांत रोज बॉयलर पेटतात. जिथे काही शिजवायचं, वाळवायचं, उकळायचं असतं तिथे वाफ लागते आणि वाफेला जळण लागतं. त्या जळणात शेकडो किलोमीटरवरून आलेला कोळसाही असतो. म्हणजे बांधावर उष्णता फुकट उधळायची आणि वसाहतीत ती विकत आणायची. या दोन जागांमध्ये अंतर एखाद्या तासाचं. हा तास सरकारने करसवलतीने मिटवावा, अशी मागणी उद्योजकांच्या बैठकांत होते, पर्यावरणवाद्यांच्याही होते. माझं म्हणणं असं, की मागणीचा हेतू बरोबर आहे, पण पत्ता चुकला आहे. करसवलत नावाचं पाकीट त्या काडीच्या मालकापर्यंत पोचतच नाही.

उष्णता कारखान्याला लागते तशी घरालाही, पण नाशिकला ‘घर तापवणं’ म्हटलं तर आपल्याला हसू येईल. युरोप-अमेरिकेत थंडीचे चार-पाच महिने घराच्या भिंती आतून ऊबदार ठेवाव्या लागतात, तो खर्च कुटुंबाच्या अंदाजपत्रकात भाड्याच्या बरोबरीने मांडला जातो. आपल्याकडे निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात चौकट येते, आणि आपण आणखी एक गोधडी काढतो. तरी जैवभाराची, म्हणजे काडीकचऱ्याच्या जळणाची, ऊब आपल्या ओळखीची आहेच. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत मक्याची बुरकुंडं, तुरकाट्या, नारळाच्या करवंट्या टाकायच्या, राख खालच्या जाळीतून काढायची, आणि पहिली आंघोळ कोणाची यावरून भांडायचं. कडाक्याच्या रात्री निफाडचे शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, त्या स्वतःसाठी नसतात, पाणी उतरत आलेल्या घडांसाठी असतात. बंब, चूल, शेकोटी आणि बॉयलर अशी आपली उष्णतेची चार रूपं. पहिल्या तिघांना आयकर ठाऊक नाही, चौथ्याला तोंडपाठ आहे. सगळी गोम इथेच आहे.

आधी सवलती कोणत्या, ते पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०जेजेए होतं. जैवविघटनशील कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करणाऱ्या धंद्याचा संपूर्ण नफा पहिली पाच वर्षं वजावटीस पात्र. त्यात बायोगॅस, सेंद्रिय खत यांच्याबरोबर जळणाच्या ब्रिकेट्स आणि पेलेट्सही, म्हणजे दाबून केलेल्या विटा आणि गोळ्याही, स्पष्ट शब्दांत नोंदवलेल्या. दुसरी सवलत घसाऱ्याची. शेतीतल्या आणि शहरातल्या टाकाऊ मालापासून ऊर्जा करणाऱ्या यंत्रांना आधी वर्षाला ८० टक्के घसारा मिळे, १ एप्रिल २०१७ पासून त्यावर ४० टक्क्यांची मर्यादा आली. साध्या यंत्राला तो १५ टक्के. तिसरी जीएसटीची. घन जैवइंधनाच्या पेलेट्सवरचा कर जुलै २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. शिवाय केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, ज्याच्या पहिल्या टप्प्याचा खर्च ८५८ कोटी रुपये, ब्रिकेट-पेलेटच्या कारखान्यांना भांडवली मदतीची तरतूद होती. म्हणजे सरकारने काही केलं नाही, असं म्हणता येत नाही.

आता या सवलती कोणाच्या हातात पडतात ते बघा. काडी शेतकऱ्याची. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, त्यामुळे वजावट आणि घसारा हे शब्द त्याच्या वहीत नाहीत. जो कर भरतच नाही त्याला करात सूट देणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतरचा विडा देणं. काडी गोळा करणारी टोळी, ती वाहणारा ट्रॅक्टरवाला, भुगा करून देणारा श्रेडरवाला, यांच्यातलंही कोणी आयकराच्या त्या वरच्या पायऱ्यांवर नाही. उरला ब्रिकेटचा कारखानदार. त्याला ८०जेजेए होतं, पण २०१९ मध्ये कंपन्यांना २२ टक्के दराचा जो सोपा मार्ग खुला झाला, तो धरला की ही वजावट सोडावी लागते. व्यक्तिगत करदात्यांच्या नव्या प्रणालीतही तेच, आणि आता तीच प्रणाली मूळ मानली जाते. सवलत कोणी रद्द केली नाही. ती ज्या वाटेवर उभी होती ती वाटच ओस पडली. शिवाय नफ्यावरची वजावट नफा झाल्यावरच उपयोगाची, आणि ब्रिकेटच्या धंद्याची पहिली पाच वर्षं बहुधा नफ्याची नसतात. पावसाळ्यात माल भिजतो, दिवाळीत मजूर गावी जातात, मशीनचा स्क्रू झिजतो.

सवलतीचा खरा लाभ घेऊ शकतो तो बॉयलरचा मालक. त्याचाही हिशेब मांडून पाहू. समजा, त्याने ५० लाखांचा काड्या-ब्रिकेटवर चालणारा बॉयलर घेतला. साध्या दराने पहिल्या वर्षी घसारा साडेसात लाख, सवलतीच्या दराने वीस लाख. फरक साडेबारा लाखांचा. सुमारे २५ टक्के कराने त्याचे पहिल्या वर्षी तीन लाखांच्या आसपास वाचले. तेही कायमचे वाचले नाहीत, नुसते पुढे ढकलले गेले. पुढच्या वर्षांत घसारा कमी मिळतो आणि तो कर हळूहळू भरावा लागतो. आता जळण घ्या. रोज दहा टन, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तीन हजार टन. किलोमागे एका रुपयाचा फरक पडला तर वर्षाला तीस लाख. यंत्रावरची सवलत एकदाच तीन लाख, आणि जळणाच्या भावातला एक रुपया दरसाल तीस लाख! कोणता मालक पहिल्या आकड्याकडे पाहून निर्णय घेईल? तो बॉयलर घेईल, सवलत घेईल, आणि कोळसा स्वस्त पडला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकेल. आयकराच्या जुन्या यादीत फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरला वाढीव घसारा होता, पण तो यंत्राच्या काटकसरीसाठी. त्याच्या पोटात भुसा जातो की कोळसा, हे यादीने कधी विचारलं नाही.

कोळशाचा भाव ठरवण्यातही करांचा हात आहे, आणि तिथे गंमत आणखी मोठी. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा अधिभार आला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा राहायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हे ४०० रुपये राज्यांना नुकसानभरपाई देण्याच्या उपकरात वळले. पैसा तोच राहिला, पण त्याच्या अंगावरचा हिरवा शर्ट काढून घेतला गेला. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकणाऱ्याला वाटतं, कोळसा महागला, काडीचे दिवस आले.

पण आता हिशेबनिसाच्या टेबलापाशी या. कोळसा टनाला आठ हजार धरू. आधी ५ टक्के म्हणजे ४०० रुपये जीएसटी, तो आपल्या मालावरच्या करातून वळता करता येई. वरचे ४०० रुपये उपकराचे. त्याची वजावट फक्त उपकराच्याच देण्यातून होत असल्यामुळे बहुतेक कारखान्यांना ते खिशातून भरावे लागत. कोळसा पडे आठ हजार चारशेला. आता १८ टक्के म्हणजे १,४४० रुपये, पण सगळे वळते होणारे. कोळसा पडतो आठ हजारांना. कर वाढला आणि जीएसटीत नोंदलेल्या कारखान्याला कोळसा टनामागे ४०० रुपयांनी स्वस्त झाला! तीन हजार टनांवर हे बारा लाख होतात, दरसाल. बॉयलरवरच्या सवलतीने एकदा दिलेले तीन लाख एका बाजूला, कोळशाकडे सरकलेले बारा लाख दुसऱ्या बाजूला. एका हाताने काडीला गोंजारायचं आणि दुसऱ्या हाताने कोळशाच्या पाठीवर थाप मारायची, असं हे धोरण. आणखी एक विसंगती पाहा. झाड तोडून आणलेल्या जळाऊ लाकडावर जीएसटी शून्य. कचरा गोळा करून, वाळवून, दाबून केलेल्या पेलेट्सवर पाच टक्के. लहान बेकरीवाला, भट्टीवाला, ज्याची जीएसटीत नोंदणीच नाही, त्याला हे पाच टक्के वळते करता येत नाहीत. त्याला कायदाच सांगतो, बाबा, लाकूडच जाळ.

दूरच्या देशांनी या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत, त्या आपल्याला आयत्या मिळतात. ब्रिटनने २०११ मध्ये नूतनीकरणक्षम उष्णतेसाठी योजना काढली, तीत यंत्राऐवजी वापरलेल्या उष्णतेच्या युनिटमागे पैसे दिले जात. विचार बरोबर होता. ठरावीक तासांच्या पुढे दर उतरेल, अशी पायरीही त्यांनी ठेवली. उत्तर आयर्लंडने २०१२ मध्ये ही योजना उचलली, पायरी मात्र वगळली. परिणाम असा झाला, की लाकडाच्या पेलेटचा खर्च मिळणाऱ्या अनुदानापेक्षा कमी पडू लागला. जेवढं जाळाल तेवढं कमवाल. रिकाम्या शेड्स तापवल्याच्या गोष्टी बाहेर आल्या, लोकांनी योजनेचं नावच ‘राखेचे रोकडे’ या अर्थाचं ठेवलं. संभाव्य बोजा ४९ कोटी पौंडांचा सांगितला गेला. जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं बंद पडलं. एका गाळलेल्या पायरीने सरकार पाडलं. अमेरिकेने यंत्रावरच्या करसवलतीची वाट धरली. किमान ७५ टक्के कार्यक्षम लाकडाची शेगडी बसवणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के, कमाल दोन हजार डॉलर करात सूट, आणि तीही २०२५ अखेर संपली. ज्याला कर भरण्याइतकं उत्पन्न नाही, त्याच्या थंड घरात ती सूट शिरलीच नाही. स्वीडनने १९९१ मध्ये सरळ कोळसा-तेलाच्या कार्बनवर कर लावला आणि जैवइंधनाला त्यातून वगळलं. शहरांना गरम पाणी पुरवणारी त्यांची केंद्रं त्यानंतर जंगल आणि लाकूड कारखान्यांच्या उरलेल्या मालाकडे वळली. लाडक्याला खाऊ देण्यापेक्षा नावडत्याचे लाड थांबवणं त्यांना जास्त फळलं.

इथे तीन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला मातीचा. काडी हा कचरा आहे असं ठरवलं कोणी? भुगा करून गाडली तर ती जमिनीला सेंद्रिय कर्ब देते, आणि रासायनिक खतांनी थकलेल्या बागांना त्याची गरज आहे. मला हे मान्य आहे. जो शेतकरी काडी मातीला परत देतो त्याला ती विकायला लावणारी योजना नको. पण बांधावर जळणारी काडी मातीलाही मिळत नाही आणि बॉयलरलाही नाही. माझा वाद फक्त तिच्यापुरता आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांचंही तसंच. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने त्या शेतातून लवकर काढाव्याच लागतात.

दुसरा आक्षेप झाडांचा. ‘जैवभार’ या शब्दात बाभळीचं खोडही बसतं. सवलत जाहीर झाली की सर्वांत आधी करवत चालेल ती बांधावरच्या झाडांवर, कारण लाकूड गोळा करणं काड्या गोळा करण्यापेक्षा कितीतरी सोपं. म्हणून यादी नावानिशी हवी. द्राक्षाच्या काड्या, पऱ्हाट्या, तुरकाट्या, बुरकुंडं, उसाचं पाचट. खोड आणि ओंडका यादीबाहेर.

तिसरा धुराचा. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, म्हणजे इथली हवा मानकांत बसत नाही हे सरकारने लेखी कबूल केलेलं आहे. मालेगावच्या सायझिंगच्या बॉयलरांत प्लास्टिक जळतं, ही तक्रार जुनीच. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने इंधन बदलायला सहा महिन्यांची मुदत दिली. मग आपण धुराला बक्षीस कसं द्यायचं? उत्तर चुलीच्या आणि बॉयलरच्या फरकात आहे. उंच धुराडं, नीट चालणारी धूळगाळणी, वाळलेलं एकसारखं जळण आणि शिकलेला बॉयलर अटेंडंट असेल, तर तीच काडी बांधावरच्या जाळापेक्षा पुष्कळ स्वच्छ जळते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं. म्हणून घरासाठी जैवभाराला सवलत नकोच. घराला धुरापासून सोडवायचं असेल तर बंबाच्या जागी सौर पाणीतापक हवा. आणि घर जो एकच थेट कर भरतं, म्हणजे घरपट्टी, त्यातून ती सूट द्यावी. पुणे महापालिका घरपट्टीत अशी सूट देते. निफाडच्या नगरपंचायतीनेही दिली, तर आयकर न भरणाऱ्या घरातही करसवलत शिरेल. मला माझ्या बंबाची आठवण कितीही गोड असली, तरी तो फुंकताना आईचे डोळे कशाने लाल व्हायचे हेही आठवतं.

मग बॉयलरसाठी करायचं काय? पैसा यंत्रावर न लावता वाळलेल्या वजनावर लावायचा. उसाचं चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये सहज जातं, कारण ते गव्हाणीतून आपोआप एका जागी येतं, गोळा करायचा खर्च शून्य. काड्यांचं दुखणं नेमकं तिथे आहे. त्या हजारो एकरांवर पसरलेल्या, हलक्या, ओल्या. ताज्या काडीचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं. ती ट्रॉलीत भरली तर पैसे पाणी आणि हवा वाहण्याचे पडतात. वाळवून, तुकडे करून, दाबून तिचं ब्रिकेट झालं की किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी मिळतात, देशी कोळशाच्या बरोबरीने. बांध आणि ब्रिकेट यांच्यामधला हा जो खर्च आहे, त्यालाच आजची एकही करसवलत हात लावत नाही.

पिंपळगाव, लासलगावच्या बाजार समित्यांत वजनकाटे आहेत, दर नोंदवणारी माणसं आहेत, पट्टी फाडायची रीत आहे. तिथेच ओलावा मोजून काडीचं वजन घ्यावं आणि ठरलेल्या ओलाव्याखालच्या प्रत्येक टनामागे थेट शेतकऱ्याच्या किंवा शेतकरी गटाच्या खात्यात रक्कम टाकावी. रक्कम गोळा करण्याच्या खर्चापेक्षा कायम कमी असावी, म्हणजे उत्तर आयर्लंडची राख आपल्याकडे उडणार नाही. मुदत ठरलेली, दर वर्षागणिक उतरता. आणि हा पैसा यायचा कोळशावरच्या, वळता न होणाऱ्या, टनामागे ठरलेल्या करातून. म्हणजे २०१० मध्ये ज्या कल्पनेने अधिभार जन्माला आला तीच, फक्त यावेळी पैसा वाटेत कुठे वळू न देता. औष्णिक वीज केंद्रांना जैवभार मिसळणं आता बंधनकारक आहे. एकलहऱ्याच्या ६३० मेगावॉटच्या केंद्राने आणि सातपूरच्या लहान बॉयलरने एकाच ब्रिकेटसाठी ओढाताण केली, तर भाव चढेल आणि लहान माणूस मागे पडेल. पुरवठा न वाढवता मागणीवर सक्ती केली की असंच होतं. टनामागचा पैसा पुरवठा वाढवतो.

यावर अर्थखात्यातला माणूस म्हणेल, अनुदान अर्थसंकल्पात दिसतं, त्यावर प्रश्न विचारले जातात, सवलत बरी. हेच तिचं खरं आकर्षण आहे. सवलतीत सरकारच्या हातून काही सुटताना दिसत नाही, जे यायचं होतं ते फक्त येत नाही. बुडालेल्या महसुलाचा तक्ता २००६ पासून अर्थसंकल्पासोबत छापला जातो, पण तो वाचतं कोण? अनुदानाची पावती असते, सवलतीची नसते. म्हणूनच मला पावती हवी आहे. कोणी किती टन काडी दिली, किती ओलाव्याची, कोणत्या बॉयलरने जाळली, हे गावातल्या फलकावर लागलं, तर खोटेपणा शेजारीच पकडेल.

पुढच्या छाटणीला टोळी पुन्हा ओळींत उतरेल, पुन्हा काड्यांचे ढीग बांधावर चढतील. त्या ढिगाकडे पाहून शेतकऱ्याच्या मनात ‘हे ओढायला मजूर किती लागेल’ याऐवजी ‘हे वाळलं तर काट्यावर किती भरेल’ असा हिशेब आला, की समजायचं धोरण योग्य पत्त्यावर पोचलं. तोवर करसवलतीच्या परिपत्रकाची किंमत त्याच्या लेखी बांधावरच्या काडीएवढीच.